दिवस भरेपर्यंत

गेल्या पावसाळ्यात मी सव्वा महिना सिल्वासाला राहून आले. माझा धाकटा मुलगा तेथील सुताच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. सूनबाईचे पहिलेच बाळंतपण. रिवाजाप्रमाणे ते माहेरी व्हावयाचे, परंतु तिची आई काही वर्षांपूर्वीच देवाघरी गेली. तेव्हा आईची जागा मलाच भरून काढणे प्राप्त होते. वसईहून निघताना माझ्या पिशवीत डिंक, मेथ्या, आळीव, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी असा सारा सरंजाम होता. आणि मनात, खरे सांगावयाचे तर, एक जुनी भीती होती. तिच्याविषयी पुढे लिहीन.

डॉक्टरांनी सांगितलेली तारीख होती २७ जुलै. ती आली आणि गेली. पोट खाली उतरले होते, चार पावले चालताच पोरीला धाप लागत होती, पण कळांचा मागमूस नव्हता. रोज सकाळी चहाचा पेला तिच्या हाती देताना मी विचारीत असे, "काही वाटते का ग?" आणि रोज ती नकारार्थी मान हलवीत असे. तिसऱ्या दिवशी तिने मान हलविली नाही. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. "आई, मी काय मुद्दाम करते आहे का?" ती म्हणाली. माझी मलाच लाज वाटली. तीस वर्षे शाळेत मुले शिकविलेली मी बाई, परीक्षेच्या निकालाकडे डोळे लावावेत तशी तिच्या पोटाकडे पाहत बसले होते! त्यात वसईहून नणंदा-जावांचे फोन. प्रत्येकीचा प्रश्न एकच, आणि प्रत्येकीजवळ एक उपाय. कोणी एरंडेल सांगे, कोणी जिने चढावयास सांगे.

शेजारी एक प्रौढ बाई राहत. अत्यंत मायाळू स्वभाव. आमच्या घरी रोज काहीतरी झाकून आणून देत. त्या एके संध्याकाळी मला बाजूस घेऊन हळूच म्हणाल्या, "बाई, ऐका माझे. भांगेची हरभऱ्याएवढी गोळी दुधातून द्या. पोरीची भीती जाईल आणि कळाही सुरू होतील. आमच्या सासूबाईंनी घरातल्या दोघींना दिली होती." मी अर्थातच नको म्हटले. परंतु नको का, हे मला धड सांगता येईना. भांग वाईट एवढे आपण सारेच जाणतो. पण ती बाळंतपणात नेमके काय करते हे मला कोणी कधी सांगितले नव्हते. सांगता न येणारा नकार शेजारणीला पटत नाही आणि स्वतःच्या मनालाही पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी आम्ही श्री विनोबा भावे नागरी रुग्णालयात गेलो. तेथील एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकले, पाण्याचे प्रमाण पाहिले, सारे ठीक असल्याचे सांगितले. तारीख म्हणजे काही आगगाडीचे वेळापत्रक नव्हे, असे त्या हसून म्हणाल्या. शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजून ती काढतात, परंतु शंभरांत जेमतेम चार-पाच बाळेच त्या दिवशी जन्मतात. ३७ आठवडे पूर्ण झाल्यानंतर आलेले मूल हे दिवस भरलेलेच मूल होय. मात्र तारखेनंतर फार दिवस थांबणेही बाळाला धोक्याचे असते, म्हणून ३ ऑगस्टपर्यंत कळा आल्या नाहीत तर दाखल करून घेऊ, आणि मध्यंतरी बाळाची हालचाल मंदावली तर त्याच क्षणी या, असे त्यांनी बजावले.

मी धीर करून भांगेची गोष्ट काढली. त्या रागावतील असे वाटले होते. परंतु त्या म्हणाल्या, "आजी, तुमच्या शेजारणीचे म्हणणे अगदीच निराधार नाही. म्हणूनच ते अधिक धोक्याचे आहे." आणि बाहेर रांग असतानाही त्यांनी मला पाच मिनिटे समजावून सांगितले. पुढे माझ्या भाच्याने, जो मुंबईत औषधशास्त्र शिकवितो, फोनवर त्यात पुष्कळ भर घातली. त्या दोघांकडून कळले ते माझ्या शब्दांत सांगते.

भांग बाळंतपणात देण्याची कल्पना केवळ आपल्या आयाबायांची नव्हे. १८३९ साली कलकत्त्यात ओशॉनेसी नावाच्या डॉक्टराने आपल्याकडील भांग-गांजाचे गुण तपासून पाश्चात्त्य वैद्यांपुढे मांडले. १८५१ साली एडिंबरोच्या ख्रिस्टिसन ह्यांनी गांजाचा अर्क प्रसूतीच्या वेळी देऊन पाहिला, आणि त्याने कळांना जोर येतो असे लिहून ठेवले. असे का व्हावे हे त्या काळी कोणालाच सांगता आले नाही.

उत्तर मिळावयास दीडशे वर्षे लागली. आपल्या शरीरातील पेशींवर निरनिराळ्या द्रव्यांसाठी जणू लहान लहान कुलुपे बसविलेली असतात. योग्य किल्ली लागली की पेशी आपले काम करू लागते. भांगेतील मादक द्रव्य संशोधक राफाएल मेशुलम ह्यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९६४ साली शोधून काढले होते. ते ज्या कुलपास लागते ते कुलूप १९८८ साली अमेरिकेत सापडले. आता प्रश्न असा की, परमेश्वराने मनुष्याच्या देहात भांगेसाठी कुलूप कशाला घडवावे? अर्थात ते भांगेसाठी नव्हतेच. त्याची खरी किल्ली आपले शरीर स्वतःच घडविते. मेशुलम ह्यांच्याच जेरुसलेम येथील प्रयोगशाळेत, १९९२ साली, विल्यम डेव्हेन आणि लुमिर हानुश ह्यांनी ती डुकराच्या मेंदूतून वेगळी काढली. तिला नाव दिले आनंदामाइड. आपल्या संस्कृतातील आनंद ह्या शब्दावरून. अशा शरीरात घडणाऱ्या द्रव्यांना मिळून शरीराची स्वतःची कॅनाबिनॉइड द्रव्ये म्हणतात.

हे द्रव्य मेंदूत असते तसेच गर्भाशयातही असते, आणि तेथे त्याचे वागणे फार चमत्कारिक आहे. गर्भ रुजावयाच्या वेळी ते कमी असावे लागते. सुधांशु डे नावाचे शास्त्रज्ञ, जे भारतातून अमेरिकेस गेले, त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या बाबतीत दाखवून दिले की, गर्भाशयात जेथे गर्भ रुजतो नेमक्या त्याच जागी हे द्रव्य उणे केलेले असते. ते वाढले तर गर्भ धरत नाही. पुढे २००४ साली इंग्लंडातील लेस्टर येथे डॉक्टर कोंजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांच्या रक्तातील आनंदामाइड मोजले. पहिल्या तीन महिन्यांत ते काहीसे अधिक, त्यानंतर सहा महिने अगदी खाली. आणि प्रसूतीच्या कळा देणाऱ्या स्त्रियांत मात्र, दिवस भरूनही कळा न आलेल्या स्त्रियांच्या मानाने, साडेतीन पटींहून अधिक!

हे ऐकून मला वाटले, झाले तर मग. आनंदामाइड वाढले की कळा सुरू. परंतु गोष्ट इतकी सरळ नाही. त्याच २००४ साली आयर्लंडमधील गॉलवे येथे संशोधकांनी गर्भाशयाच्या स्नायूचे लहान तुकडे घेऊन त्यांवर हे द्रव्य घातले, तर स्नायू आवळण्याऐवजी सैलावला. एकीकडे कळांच्या वेळी ते वाढते, दुसरीकडे ते स्नायूस ढिले करते. माझ्यातल्या शाळामास्तरणीला हे गणित चुकल्यासारखेच वाटले. भाचा म्हणाला, "मावशी, द्रव्य तयार कसे होते एवढेच पाहून भागत नाही; ते मोडल्यावर त्याचे काय होते तेही पाहावे लागते." आनंदामाइड शरीरात फार वेळ टिकत नाही. ते मोडले की त्यातून एक स्निग्धाम्ल सुटे होते, आणि त्याच आम्लापासून शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बनविते. ही द्रव्ये गर्भाशयाचे मुख मऊ करतात आणि कळा आणतात. म्हणजे एकच वस्तू. अखंड असताना स्नायूस शांत ठेवणारी, आणि मोडल्यावर त्याला कामास लावणाऱ्या द्रव्यांचा कच्चा माल पुरविणारी. वाढलेल्या आनंदामाइडाचा कळांमध्ये नेमका वाटा केवढा, ह्यावर शास्त्रज्ञांचे काम अद्याप चालू आहे. पण गणित चुकलेले नाही, ते दोन पायऱ्यांचे आहे.

कळा सुरू करणारे हे एकटेच नाही, हेही सांगितले पाहिजे. न्यूझीलंडचे लिगिन्स ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात दाखविले की, मेंढीच्या बाबतीत प्रसूतीची सुरुवात आई करीतच नाही, पोटातले कोकरूच करते. त्याच्या शरीरातून एक विशिष्ट स्राव आईकडे जातो आणि तिला कळा लागतात. माणसात प्रकार अधिक गुंतागुंतीचा. १९९५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी असे मांडले की, वार स्वतःच जणू घड्याळासारखी चालते. तिच्यातून निघणारा एक स्राव आठवड्यागणिक वाढत जातो आणि तो ज्या वेगाने वाढतो त्यावरून दिवस केव्हा भरणार ते ठरते. मागे ज्या सुधांशु डे ह्यांचे नाव आले, त्यांनी २००८ साली ज्या उंदरांच्या शरीरात आनंदामाइडाचे कुलूपच नाही अशा माद्या पाहिल्या. त्या वेळेआधी प्रसवल्या. त्यांच्या शरीरातील गर्भ सांभाळणारा प्रोजेस्टेरॉन हा स्राव वेळेपूर्वीच उतरला होता आणि ताणाचा स्राव वाढला होता.

रुग्णालयातून परतताना रिक्षा दमणगंगेच्या पुलावर आली तेव्हा नदी दुथडी भरून वाहत होती. वर मधुबन धरणाचे दरवाजे उघडले आहेत, असे रिक्षावाला सांगत होता. मी सूनबाईचा हात धरून बसले होते. पाणी सुटले की ते सर्वांना दिसते, त्याचा आवाज गावभर ऐकू येतो. पण भिंतीने ते इतके महिने धरून ठेवले, तेही काम होते की नाही? नऊ महिने ह्या पोरीच्या देहाने कितीतरी द्रव्ये आपल्या जागी, आपल्या मापात धरून ठेवली होती, रात्रंदिवस, तिला न कळत; आणि मी तिला रोज सकाळी विचारीत होते, अजून काहीच कसे नाही?

आता भांगेचे. शरीराचे आनंदामाइड लागेल तेथे, लागेल तेवढेच तयार होते आणि थोड्याच वेळात मोडून जाते. भांगेतले द्रव्य त्याच कुलपास लागते खरे, पण ते साऱ्या अंगभर पसरते, चरबीत मुरून दिवसेंदिवस राहते, वारेतून बाळाकडे जाते, आणि पुढे अंगावरच्या दुधातूनही जाते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात साडेसहा लाखांहून अधिक गर्भवतींच्या नोंदी तपासून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वय, परिस्थिती, तंबाखू इत्यादी बाबतींत सारख्या असलेल्या स्त्रियांची तुलना केली असता, गांजा-भांग न घेणाऱ्यांत शंभरी ७·२ बाळे दिवसांपूर्वी जन्मली, तर घेणाऱ्यांत १०·२. शेजारणीच्या सासूबाईंच्या दोन्ही सुना सुखरूप सुटल्या ह्याचा मला आनंदच आहे. परंतु त्या गोळीमुळे सुटल्या असे मी म्हणणार नाही. जिला दिवसांपूर्वी दिली तिचे काय झाले असते, ते कोण सांगणार?

दिवसांपूर्वी. हा शब्द लिहिताना माझा हात अजूनही थांबतो.

१९७९ च्या वैशाखात मला सातवा महिना होता. पहिलेच मूल. एका दुपारी कमरेत दुखू लागले, संध्याकाळपर्यंत कळा आल्या, आणि बैलगाडी जुंपून होण्यापूर्वीच मुलगा जन्मला. माझ्या तळहातापेक्षा थोडा मोठा. रडण्याइतकाही श्वास त्याच्या छातीत नव्हता. धर्मगुरूंस बोलावण्यास वेळ नाही हे पाहून माझ्या चुलत सासूने तांब्यातले पाणी त्याच्या कपाळावर ओतून त्याला स्नानसंस्कार दिला. तासाभराने तो गेला. त्यानंतर घरात जे बोलणे झाले ते मी कधी कोणास सांगितले नाही. मी आदल्या दिवशी पिकलेली पपई खाल्ली होती, आणि विहिरीवरून दोन घागरी पाणी आणले होते. तेवढे पुरले. बोलणारी माणसे आता हयात नाहीत आणि माझ्या मनात त्यांच्याविषयी राग नाही. त्यांनाही दुःखाला कोठेतरी बसावयास जागा हवी होती. पुढे देवाने मला तीन मुले दिली. परंतु पपई मी पुन्हा कधी तोंडात घातली नाही, आणि प्रत्येक पापनिवेदनाच्या वेळी ती गोष्ट ओठांपर्यंत येऊन परत जात असे.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंना मी तेही विचारले. सूनबाई बाहेर बसली होती. त्यांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाल्या, कळा वेळेआधी सुरू होण्यास पुष्कळ कारणे असतात: कधी आत जंतूंचा दाह होतो, कधी रक्तदाब वाढतो, कधी जुळे असते, कधी गर्भाशयाचे मुख दुर्बळ असते; आणि कित्येकदा सारे तपासूनही कारण सापडत नाही. कच्च्या पपईचा चीक उंदरांच्या गर्भाशयास आवळतो असे आढळले आहे, म्हणून ती टाळावी. पण पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी सातव्या महिन्याचे मूल खाली येत नाही. दोन घागरींनीही नाही. "आजी, तुमच्या हातून काही झाले नाही." आज असे मूल येण्याची चिन्हे दिसताच आईला इंजेक्शन देऊन बाळाची फुप्फुसे बळकट करतात, हेही त्यांनी सांगितले. ही युक्ती त्याच लिगिन्स ह्यांनी आपले सहकारी हाऊई ह्यांच्यासह १९७२ साली जगापुढे ठेवली होती. १९७९ साली आमच्या गावात ती कोणास ठाऊक असणार? म्हणूनच कोणत्याही महिन्यात, ३७ आठवड्यांपूर्वी, पोट ठरावीक वेळाने आवळू लागले, पाणी गेले वा रक्त दिसले तर सुईणीची, शेजारणीची, सासूचीही वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सिल्वासाचे देऊळ पिएदाद मातेचे आहे. पोर्तुगीज अमदानीत, १८९७ साली ते उभे राहिले. क्रुसावरून उतरविलेल्या पुत्राचे निष्प्राण शरीर मांडीवर घेऊन बसलेली मरिया, ती ही पिएदाद माता. मी त्या संध्याकाळी तेथे गेले. माळ हाती घेतली, पण प्रार्थना काही सुचली नाही. नुसतीच बसून राहिले. बाहेर पडले तेव्हा पाऊस थांबला होता.

१ ऑगस्टच्या रात्री अकराच्या सुमारास सूनबाईने मला हाक मारली. "आई, काहीतरी वाटते." पाच दिवस ज्या वाक्याची वाट पाहिली ते ऐकताच माझेच हातपाय गळाले! दोन वाजता आम्ही रुग्णालयात पोहोचलो. पहाटे कळा जवळजवळ येऊ लागल्या. एका विश्रांतीच्या क्षणी तिने मला विचारले, "आई, आनंद म्हणतात तो हाच का?" मी भाच्याकडून ऐकलेले सारे तिला सांगितले होते, त्याचा तिने असा सूड घेतला. प्रभूने शिष्यांचा निरोप घेताना प्रसववेदनांचा दाखला दिला होता. स्त्रीला तिची घटका आली की दुःख होते, पण मूल जन्मल्यावर त्या आनंदात तिला क्लेश आठवत नाहीत, अशा अर्थाचा. जेरुसलेमच्या त्या संशोधकांच्या मनात तो दाखला होता असे मी म्हणणार नाही. पण मला तो त्या पहाटे आठवला खरा.

सकाळी आठ वाजण्याच्या सुमारास मुलगी झाली. वजन तीन किलोंना थोडे कमी, आवाज मात्र भरपूर. तो २ ऑगस्ट, म्हणजे सिल्वासाचा मुक्तिदिन. १९५४ साली ह्याच दिवशी हे गाव पोर्तुगिजांच्या हातून सुटले. बाहेर कोठेतरी ध्वजवंदनाची गाणी लागली होती आणि आत परिचारिका म्हणत होती, "सुटली बाई एकदाची!"

तासाभरात बाळ छातीशी लागले. आईच्या दुधातही शरीराचे एक कॅनाबिनॉइड द्रव्य असते. नवजात उंदरांत त्याचे कुलूप औषधाने बंद केले असता पिले दूधच ओढीनाशी झाली, असे २००१ साली आढळले. नात कोणाच्या शिकवण्याची वाट न पाहता चोखू लागली. सूनबाईने तिच्याकडे पाहत मला विचारले, "आई, तुमच्या पहिल्या बाळाचे नाव काय ठेवले होते?" मुलाने तिला कधीतरी सांगितले असावे. शेहेचाळीस वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते. मी नाव सांगितले. चुलत सासूने पाणी ओतताना जे तोंडात आले ते ठेवले होते: जुझे.

पाचव्या दिवशी शेजारीणबाई आळिवाचे लाडू घेऊन आल्या. बाळाची दृष्ट काढली, मांडीवर घेतले. मी त्यांना भांगेची सारी हकीगत सांगितली. कुलूप-किल्लीचे, कॅनडाचे, चरबीत मुरण्याचे. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, मधूनमधून मान डोलावली. ओघात मी माझ्या जुझेविषयीही बोलले, आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही. त्यांनी बाळाला माझ्या हाती दिले, पदर सावरला, जावयास उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि तेथेच थांबल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "ते पपईचे पुन्हा एकदा सांगा."